रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग छाती धडधडते कशाने?

प्रश्न : वय ३६, डोंबिवली ते दादर रोजचा प्रवास. दोन महिन्यांपूर्वी फास्ट लोकलमध्ये अचानक छाती धडधडायला लागली, दरदरून घाम फुटला, आता संपलंच असं वाटलं. ईसीजी, टू-डी इको, रक्त, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, 'काही नाही, टेन्शन घेऊ नका.' त्यानंतर दोनदा तसंच झालं. आता स्लो लोकलने जातो, दाराजवळच उभा राहतो.

'काही नाही' हे अर्धंच उत्तर झालं. हृदयाला काही नाही, पण तुम्हाला जे झालं ते खरोखर झालं. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा पॅनिक अटॅक वाटतो. (लोक 'अँग्झायटी अटॅक' म्हणतात, पण आमच्या निदानाच्या पुस्तकात त्या नावाचा आजार नाही.) पायाशी साप दिसला की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, ठोके वाढतात, श्वास जलद होतो, घाम सुटतो. तुमच्या बाबतीत साप नव्हता, बाकी सगळं तेच. ही लाट साधारण १० मिनिटांत टोकाला जाते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते.

मला काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या वाक्याची. स्लो गाडीत दर चार मिनिटांनी स्टेशन येतं, उतरता येतं, म्हणून तुम्ही ती धरलीत. उद्या दाराजवळ जागा नाही म्हणून गाडी सोडाल, परवा घरूनच काम मागाल. उतरल्यावर बरं वाटतं खरं, पण मेंदू त्यातून शिकतो की उतरलो म्हणून वाचलो. बसून राहिला असतात तरी ते ओसरलंच असतं, हे कळायची संधीच त्याला मिळत नाही.

कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीत (विचार आणि वागण्याची पद्धत बदलण्याचा उपचार) नेमकी ती संधी देतात. तपासण्या नॉर्मल असलेल्या एका पेशंटला मी दवाखान्याचे तीन मजले भराभर चढायला लावले होते. वर आल्यावर धापा टाकत, मनगट धरून तो म्हणाला, 'डॉक्टर, ही तर तीच धडधड!' तीच. फक्त या वेळी तिचं कारण त्याला माहीत होतं. तुम्हीही थेरपिस्टच्या मदतीने हळूहळू फास्ट गाडीकडे परत या.

प्रश्न : मी २१ वर्षांची. तोंडी परीक्षेआधी श्वास पुरेना, ओठांभोवती मुंग्या आल्या, हाताची बोटं आखडली. रूममेटने कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावलं. आजी म्हणते बाहेरचं आहे.

गंमत अशी, की हवा पुरत नाही असं वाटत होतं तेव्हा तू गरजेपेक्षा जास्त हवा घेत होतीस. भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड फार बाहेर जातो, रक्तातली आम्लता घटते, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा चाळवतात. मग मुंग्या येतात, बोटं पक्ष्याच्या चोचीसारखी एकत्र ओढली जातात. श्वास ताळ्यावर आला की सुटतात.

म्हणून 'खोल श्वास घे' हा सगळ्यांच्या तोंडचा सल्ला इथे उलटा पडतो. श्वास सावकाश घे, सोडताना जास्त वेळ लाव : नाकाने ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. पिशवी नको. समोरच्याला दमा किंवा हृदयविकार असेल तर ती धोक्याची ठरते. चक्कर येऊन पडशील ही भीतीही बहुधा फोल, कारण माणूस पडतो तो बीपी उतरल्यावर आणि घबराटीत ते सहसा चढतं.

आजीला दृष्ट काढायची असेल तर काढू दे. मिरच्यांची धुरी तेवढी नको, श्वासाचे आधीच हाल आहेत.

प्रश्न : वय ५९, मधुमेह आहे. हार्ट अटॅक आणि पॅनिक अटॅक यांतला फरक सांगणारा तक्ता व्हॉट्सॲपवर आला आहे. त्यावर विसंबू का?

नाही. ताई, तो डिलीट करा. मधुमेहींमध्ये, आणि बायकांमध्येही, हार्ट अटॅक कधी कधी छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ, थकवा घेऊन येतो. फरक घरी बसून ओळखायचा नसतो. १०८ लावा, ईसीजी काढा. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, त्यांनीही धडधडतं.

प्रश्न : पत्नी (४१) रात्री दोनच्या सुमाराला घाबरीघुबरी होऊन उठते. स्वप्न वगैरे नसतं. मेडिकलमधून आणलेली अल्प्राझोलाम ही घबराट कमी करणारी गोळी ती तीन महिने रोज घेते.

पॅनिक अटॅक झोपेतही येतो, स्वप्नाशिवाय. त्या घोरतात का, मध्येच श्वास थांबतो का, ते बघा. झोपेतल्या श्वासाच्या आजारातही असं दचकून उठायला होतं.

गोळीचं मात्र ऐका. तिची सवय लागते, पण म्हणून आज रात्रीपासून एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने उतरवतील. गरज असेल तर ते एसएसआरआय गटातलं (नैराश्य आणि घबराटीवर देतात ते) औषध देतील. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते, तेव्हा आठव्या दिवशी 'लागू पडत नाही' म्हणून सोडू नका. जवळ डॉक्टर नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि रात्री दोन वाजता 'अगं शांत हो, काही झालेलं नाही' म्हणू नका. दिवा लावा, शेजारी बसा, तिच्याबरोबर तुम्हीही आकडे मोजत श्वास सोडा.