वाचक विचारतात : हलगी मिक्स, बेस आणि रॉयल्टी

सातारा-सांगली भागातून घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या वाचकांचे या अंकासाठी आलेले निवडक प्रश्न.

प्रश्न : माझी दहा गाणी स्पॉटिफायवर आहेत. सगळी मिळून वर्षभरात सहा हजार वेळा ऐकली गेली, तरी खात्यात काहीच जमा नाही. डिस्ट्रिब्युटर फसवतोय का?
— एक वाचक, विटा

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तुमची गाणी स्पॉटिफायसारख्या प्लॅटफॉर्मवर पोहोचवणारी कंपनी, फसवत असण्याची शक्यता कमी. 2024 पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की गेल्या 12 महिन्यांत एखादं गाणं किमान 1,000 वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्या रेकॉर्डिंगचे पैसे निघत नाहीत. मोजणी एकेका गाण्याची होते, सगळ्यांची मिळून नाही. तुमचे सहा हजार दहा जागी विखुरलेत. दर महिन्याला एक गाणं टाकत सुटण्यापेक्षा वर्षात तीनच काढा. प्रत्येक गाणं तारखेच्या तीन-चार आठवडे आधी अपलोड करा. प्लेलिस्टच्या संपादकांकडे पाठवायची सोय फक्त प्रसिद्ध न झालेल्या गाण्याला असते आणि निदान 7 दिवस आधी पाठवावं लागतं. आज अपलोड, उद्या रिलीज केलं की ही संधी गेलीच.

डिस्ट्रिब्युटर बदलताना जुनाच आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा 12 अक्षरी क्रमांक, नव्या ठिकाणी भरा. नवा घेतला की प्लॅटफॉर्मच्या लेखी ते दुसरंच गाणं ठरतं आणि आकडा शून्यापासून सुरू होऊ शकतो. डिस्ट्रिब्युटर अमेरिकी असेल तर डब्ल्यू-8 बेन हा अमेरिकेबाहेरच्यांसाठीचा कराचा फॉर्म भरा, त्यात पॅन द्या. भारत-अमेरिका कर-करारानुसार तिथल्या रॉयल्टीवर 15 टक्के कर कापतात. फॉर्म नसेल तर 30 टक्क्यांपर्यंत जातो.

आणखी एक बाब बरेच जण विसरतात. डिस्ट्रिब्युटर फक्त रेकॉर्डिंगचे पैसे आणतो. चाल आणि शब्द यांचे पैसे आयपीआरएस ही 1969 पासूनची संस्था गोळा करते. तिचं सभासद व्हावं लागतं, आणि नुसतं सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक गाणं कोणाचा किती टक्के वाटा हे लिहून नोंदवावं लागतं. हा वाटा गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी ठरवा. गाणं चाललं की प्रत्येकाला आपणच चाल सुचवल्याचं आठवतं.

खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं घरखर्च स्ट्रीमिंगवर निघत नाही. जाहिरातीचं म्युझिक, यूट्यूब चॅनेलची थीम, लग्नाचं एंट्री साँग ही कामं घ्या. निम्मे पैसे आगाऊ, दोनच दुरुस्त्या मोफत, सुटे ट्रॅक हवे असतील तर वेगळा दर, एवढं कामाआधी व्हॉट्सॲपवर का होईना लेखी घ्या.

प्रश्न : जुन्या कॅसेटमधल्या लोकगीताचं हलगी मिक्स केलं, यूट्यूबवर क्लेम आला. लोकगीत तर सगळ्यांचं असतं ना? मी फक्त पंधरा सेकंद आवाज घेतला होता.
— एक वाचक, कराड

पंधरा सेकंदांची सूट कायद्यात कुठेही नाही. लोकगीत सगळ्यांचं असलं तरी त्याचं ते रेकॉर्डिंग कॅसेट कंपनीचं असतं. त्यावरच्या कॉपीराइटची मुदत प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं, म्हणजे 1988 ची कॅसेट 2048 अखेरपर्यंत बांधलेली. एआयनं आवाज वेगळा काढला म्हणून मालक बदलत नाही. शिवाय कॅसेटच्या काळातली कितीतरी ‘लोकगीतं’ नाव-गाव असलेल्या गीतकारांची आहेत, तेव्हा आधी वेष्टणावरची नावं वाचा.

क्लेम आला म्हणजे सहसा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात, एवढंच. स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढला जाणं, वेगळा : 90 दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं.

उपाय सोपा आहे. गीत खरोखर पारंपरिक असेल तर गावातल्या गोंधळी किंवा आराधी मंडळींकडून नव्यानं गाऊन घ्या. मानधन एकरकमी की वाटा, कुठे कुठे वापरणार, हे एका कागदावर लिहून सही घ्या. हलगीही स्वतः रेकॉर्ड करा. विकतच्या पॅकमधला लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा, तुमच्यासारख्या शेकडो जणांकडे असतो. तसा लूप असलेलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलं की तुमचे क्लेम दुसऱ्यांवर आणि त्यांचे तुमच्यावर सुरू होतात.

प्रश्न : हेडफोनवर किक जोरदार वाटते, पण मिरवणुकीत डीजेच्या सेटअपवर गायब होते.
— एक वाचक, तासगाव

तुमची किक, म्हणजे बीटचा तो जाड ठोका, बहुधा 35-40 हर्ट्झला बसलीय. हेडफोन ती ऐकवतो. मिरवणुकीतल्या बेसच्या स्पीकरना मात्र जपण्यासाठी प्रोसेसरमध्ये साधारण तिथंच खालचा आवाज कापणारा फिल्टर लावलेला असतो. किक 50 ते 60 हर्ट्झवर आणा आणि थोडं सॅच्युरेशन (वरचे सूर वाढवणारा हलका खरखरीतपणा) द्या, म्हणजे 100-200 च्या पट्ट्यातही ती ऐकू येईल. 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे डावं-उजवं सारखंच, करा. सेटअप बऱ्याचदा मोनो चालतो, आणि स्टिरिओ रुंद केलेला बेस डावं-उजवं एकत्र झालं की एकमेकांना खाऊन टाकतो.

ढोल असेल तर त्याची जाड बाजू किकच्याच जागेवर येते. ढोलावर साइडचेन लावा, म्हणजे किक वाजली की ढोल क्षणभर दबेल : 3-4 डीबी दाब, 100 ते 120 मिलिसेकंद रिलीज. मिनिटाला 128 ठोक्यांच्या टेम्पोत एक ठोका 469 मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे ढोल सुटा ऐकू यायला जागा उरते.

मास्टर, म्हणजे शेवटची तयार फाइल, दोन करा. स्पॉटिफाय उणे 14 लफ्सच्या (गाण्याच्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास पातळी आणतो, तिथं अति दाबलेलं गाणं नुसतं खाली ओढलं जातं. डीजेसाठी उणे 9 पर्यंत चालेल, शिखर उणे 1 डीबीच्या आत ठेवा. फाइल वेव्ह किंवा 320 ची एमपी-थ्री, पेनड्राइव्हनं द्या. यूट्यूबवरून उतरवलेली नको. तिचा वरचा पट्टा साधारण 16 किलोहर्ट्झच्या पुढे कापलेला असतो.

प्रश्न : मिरजेच्या तानपुऱ्याचं सॅम्पल पॅक करून विकायचंय. कसं रेकॉर्ड करू?
— एक वाचक, सांगली

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. पॅकच्या नावात मिरज घालणार असाल तर वाद्य तिथलंच हवं. पंखा बंद, रात्रीची वेळ, 24 बिट 48 किलोहर्ट्झ, शिखर उणे 12 डीबीच्या आसपास. माइक घोडीपासून हातभर लांब, थोडा तिरका. प्रत्येक तार एकटी छेडून पूर्ण विरेपर्यंत थांबा, मग चारही तारांचं आवर्तन घ्या. काळी एक, काळी पाच (हार्मोनियमची पहिली, पाचवी काळी पट्टी) असे वेगवेगळे स्वर लावून पुन्हा घ्या. जवारीचा, म्हणजे तारेला झंकार देणारा घोडीवरचा दोरा दर वेळी नव्यानं बसवावा लागेल, त्याचा कंटाळा करू नका, कारण दोनपेक्षा जास्त सेमीटोन सॉफ्टवेअरनं सरकवले की जवारी खोटी वाटायला लागते.

काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झला येतो. पॅकमध्ये तो तसाच ठेवा. किकसोबत वापरताना ज्याचं त्यानं 100 च्या खाली कापावं. वरच्या सुरांवरून कान खर्ज ओळखतो.