तोक्यो, सिंगापूर, बँकॉक : घर कुठल्या भागात घ्यावं?

व्हिसा हातात पडतो, तिकीट निघतं आणि मग घरात विषय निघतो : राहायचं कुठं? सांगली-साताऱ्याकडून मला येणाऱ्या पत्रांत हाच प्रश्न सगळ्यात जास्त असतो. मी स्वतः अकरा वर्षं सिंगापूर आणि तोक्योत भाड्याच्या घरांत काढली, आता विश्रामबागेत राहते. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत.

ताई, वालचंदमधून बाहेर पडून तीन वर्षं पुण्यात नोकरी केली, आता तोक्योला निघालोय. ऑफिस मध्य तोक्योत, ओतेमाचीला आहे. सगळे सीनियर म्हणतात, निशी-कसाईत घर घे, आपली माणसं आहेत. बाबांनी कुठंतरी वाचलं की तो भाग पुराचा आहे. आमचं घर कृष्णेच्या पुरात बुडणाऱ्या गावभागात, त्यामुळे त्यांच्या डोक्यातून ते जात नाही. काय करू? – सांगली

बाबांनी बरोबर वाचलंय. आणि तुझे सीनियरही खोटं सांगत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निशी-कसाई हा एदोगावा वॉर्डातला भाग. सन २००० च्या सुमारास संगणकांच्या कामासाठी भारतीय इंजिनिअर मोठ्या संख्येनं तोक्योत आले, तेव्हा त्यांतले बरेच इथं वसले. तोझाई ही मेट्रो लाइन थेट ओतेमाचीला जाते, वीस मिनिटांच्या आत. बाकीचे घरमालक परदेशी माणसाला दारातून परत पाठवायचे, पण यूआर या सार्वजनिक गृहसंस्थेच्या इमारती इथं होत्या आणि तिथं घर मिळायचं. मग डाळ-तांदळाची दुकानं आली, भारतीय शाळा आली. आज तिथं हिंगाची डबी शोधत फिरावं लागत नाही.

आता जमीन. हा भाग अराकावा आणि एदोगावा या नद्यांच्या मधल्या सखल पट्ट्यात आहे. वॉर्डाची जवळजवळ ७० टक्के जमीन समुद्राच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. मे २०१९ मध्ये तिथल्या वॉर्ड कार्यालयानं घरोघरी पूरनकाशा वाटला. त्याच्या मुखपृष्ठावर लिहिलं होतं, ‘इथं थांबून चालणार नाही’. बांध फुटला तर पाणी काही ठिकाणी एक-दोन आठवडे ओसरणार नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलं होतं.

मी तेव्हा निशी-कसाईतच राहत होते. नकाशा पत्रपेटीत आला, मी तो वाण्याच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकला. ऑगस्टमध्ये इकडे सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. गावभागातलं आमचं माहेरचं घर पाण्यात, आई माळ्यावर, फोन लागेना. त्या रात्री मी तो नकाशा गठ्ठ्यातून शोधून काढला आणि पहिल्यांदा नीट वाचला. ऑक्टोबरमध्ये हगिबिस वादळ आलं, तेव्हा वॉर्डातल्या मोठ्या भागाला घर सोडायची सूचना मिळाली. अराकावाचा बांध टिकला. पण ती रात्र मी कपड्यांची पिशवी दाराशी ठेवून काढली.

म्हणून निशी-कसाई नको, असं मी सांगणार नाही. नव्या देशात पहिलं वर्ष एकट्यानं काढायचं असतं, तेव्हा शेजारी आपलं कुणी असणं फार मोठं असतं. तिथं घर घ्यायचं तर तिसऱ्या मजल्याच्या खाली घेऊ नकोस. वरच्या मजल्यावर जीव वाचेल, पण लिफ्ट आणि पाण्याचा पंप बंद पडेल, म्हणून इशारा आला की आधीच बाहेर पडायचं. कुठं जायचं ते आजच ठरवून ठेव. ऑगस्ट २०२० पासून जपानमध्ये एजंटाला करार करण्याआधी पूरनकाशावर घराची जागा दाखवावीच लागते. त्यानं नकाशा पुढं केला की मान डोलावून सही करू नकोस, बोट ठेवून विचार : इथं किती मीटर पाणी?

दुसरा पर्याय याच तोझाई लाइनच्या दुसऱ्या टोकाला आहे : नाकानो. तो भाग पठारावर, उंच. ओतेमाचीला तिथूनही साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि काही गाड्या नाकानोहूनच सुटतात, त्यामुळे सकाळी बसायला मिळण्याची आशा असते. निशी-कसाईकडून येणाऱ्या गाड्यांत करोनाआधी क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं असायची. मी ती गर्दी सोसली आहे. नाकानोला भाडं जास्त पडतं, भारतीय दुकानं कमी, आणि आतल्या गल्ल्यांत जुनी लाकडी घरं एकमेकांना खेटून आहेत. भूकंपानंतर आग लागली तर ती गल्ली धोक्याची. मोठ्या रस्त्याजवळची काँक्रीटची इमारत बघ.

पैशांचं थोडक्यात : खाजगी घरात डिपॉझिट, मालकाला द्यायचं ‘रेइकिन’ (हे परत मिळत नाही), एजंटाची एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली, हमी देणाऱ्या कंपनीची फी, असं सगळं मिळून सुरुवातीलाच चार-पाच महिन्यांचं भाडं जातं. यूआरमध्ये दोन महिन्यांचं डिपॉझिट, बाकी रेइकिन, दलाली, जामीनदार काही नाही. पगाराची अट मात्र बघतात.

आणि जाहिरातीतली ‘स्टेशनपासून १२ मिनिटं’ म्हणजे ९६० मीटर. मिनिटाला ८० मीटर हा त्यांचा ठरलेला हिशेब, सिग्नलला थांबलेला वेळ त्यात धरत नाहीत. रात्री अकरा वाजता ते अंतर चालून बघ, मग ठरव.

माझी मुलगी तोक्योत नोकरीला लागली आहे. आम्ही पाटणचे. १९६७ चा कोयनेचा भूकंप माझ्या सासूबाईंनी पाहिलेला, त्या रोज विचारतात, तिकडं तर रोजच जमीन हलते म्हणे. घर कसं बघावं? – पाटण

वहिनी, सासूबाईंना सांगा, तिकडं इमारतीचं वय विचारायची पद्धत आहे, आणि ते विचारण्यात कुणाला वावगं वाटत नाही. जपाननं १ जून १९८१ पासून भूकंपाचे बांधकाम नियम कडक केले. मुलीला एजंटाला विचारू द्या : इमारतीला बांधकामाची मंजुरी या तारखेनंतरची आहे का? बांधून कधी झाली हे विचारून भागत नाही, कारण १९८२ मध्ये उभी राहिलेली इमारत जुन्या नियमांनी मंजूर झालेली असू शकते.

बाकी काळजी घरातल्या सामानाची. उंच कपाट पलंगाच्या डोक्याशी नको. एवढं तिनं केलं की तुम्ही निम्म्या काळजीतून सुटलात.

आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. यांचं ऑफिस सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमध्ये. नातेवाईक म्हणतात, लिटल इंडियात राहा, सगळं मिळतं. एजंट म्हणतो, काँडो (खाजगी सोसायटीतला फ्लॅट) घ्या, स्विमिंग पूल आहे. भाडं ऐकून छातीत धडकी भरते. – तासगाव

लिटल इंडिया बाजाराला जायची जागा आहे. तिथल्या टेक्का सेंटर या मंडईत भाजी घ्यावी, मुस्तफा या मोठ्या दुकानात रात्री उशिरापर्यंत मिळेल ते घ्यावं, घरी यावं. रविवारी कामगारांची सुट्टी असते, त्या दिवशी तिथल्या सेरंगून रोडवर लहान मुलीचा हात धरून चालणं कठीण. शिवाय ऑफिस शहराच्या पूर्व टोकाला. तुम्ही मध्यभागी राहून रोज उलटं कशाला जायचं?

बिझनेस पार्कला एक्स्पो हे एमआरटीचं (मेट्रोचं) स्टेशन जवळ. त्या बाजूला टॅम्पिनीस, सीमे, बेडोक हे भाग बघा. काँडोच्या मागं लागू नका. सिंगापूरचे बहुसंख्य लोक, दहातले जवळपास आठ, एचडीबी या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. आपल्याकडं ‘सरकारी क्वार्टर’ म्हटलं की जे डोळ्यांपुढं येतं ते मनातून काढून टाका. खाली मोकळा तळमजला, मुलं तिथं खेळतात, आजी-आजोबा बाकांवर बसतात. दवाखाना, भाजीबाजार, खाण्याचं हॉकर सेंटर पायी अंतरावर, आणि स्टेशनपर्यंत पुष्कळ ठिकाणी छप्पर असलेली वाट. तिथला पाऊस काही विचारून येत नाही, ती छपराची वाट तुम्हाला पोहण्याच्या तलावापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

एचडीबीचे नियम मात्र आधी समजून घ्या. करार किमान सहा महिन्यांचा, आणि आपल्यासारख्यांना एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा. पूर्ण घर भाड्यानं घ्यायचं तर परदेशी भाडेकरूंना मर्यादा आहे : परिसरात ८ टक्के, एका इमारतीत ११ टक्के. मर्यादा भरली की घर रिकामं असलं तरी तुम्हाला मिळत नाही. म्हणून आवडलेल्या घराबद्दल पहिला प्रश्न हाच विचारा, भाड्याची घासाघीस नंतर. मालकानं एचडीबीची परवानगी घेतली का, ते कागदावर बघा.

करारात ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ मागा. तुमच्या यजमानांची नोकरी गेली किंवा बदली झाली, तर साधारण वर्ष पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं. स्टॅम्प ड्यूटी भाडेकरूनं भरायची असते, चार वर्षांपर्यंतच्या करारावर एकूण भाड्याच्या ०.४ टक्के. समजा भाडं ३,००० डॉलर आणि करार दोन वर्षांचा, तर ७२,००० वर २८८ डॉलर. एजंट याहून वेगळा आकडा सांगू लागला तर हिशेब मागा.

माझ्या पहिल्या घरात मला फटका बसला तो एसीमुळे. दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग करायची अट करारात होती, मी ती पानं उलटताना पाहिलीच नव्हती. निघताना मालकानं पावत्या मागितल्या आणि अनामतीतून मोठी रक्कम कापली. भिंतीवरचे जुने ओरखडेसुद्धा माझ्याच नावावर लागले, कारण आले त्या दिवशी मी फोटो काढले नव्हते. तुम्ही सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा.

मुलीच्या शाळेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. तिथल्या सरकारी शाळेत पहिलीला परदेशी मुलांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. शाळेजवळ घर घेतलं म्हणजे प्रवेश मिळाला, असं धरून भाडं वाढवून देऊ नका. भारतीय शाळा ठरवणार असाल तर शाळेची बस कुठल्या भागात, किती वाजता येते ते आधी विचारा. चार वर्षांच्या लेकराला पहाटे अंधारात उठवून तासभर बसमध्ये बसवायचं का, हा खरा प्रश्न आहे.

मुलगा म्हणतो, जाण्याआधीच ऑनलाइन फोटो बघून सिंगापूरचं घर पक्कं करतो, दोन महिन्यांचे पैसे पाठवायचे आहेत. मी निवृत्त शिक्षक, मला हे पटत नाही. – सातारा

सर, तुमचंच बरोबर आहे, पैसे पाठवू देऊ नका. सिंगापुरात प्रत्येक एजंटाची सरकारी नोंद असते आणि ती कुणालाही तपासता येते. एचडीबी घराच्या भाड्याचे पैसे एजंटानं स्वतःच्या हातात घ्यायलाच बंदी आहे. ‘माझ्या खात्यावर टाका’ म्हणणारा माणूस त्याच वाक्याला ओळखावा.

मुलाला पहिले दोन-तीन आठवडे हॉटेलात किंवा परवानाधारक सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये राहू दे. कुणाचा खाजगी फ्लॅट पंधरा दिवसांसाठी घेऊ नये, कारण खाजगी घरसुद्धा तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीनं देणं तिथं बेकायदा आहे. हॉटेलचा खर्च जास्त वाटेल. पण चुकीच्या भागात दोन वर्षं अडकण्यापेक्षा तो परवडतो.

आमचं घराणं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातलं, काका-मामा सगळे देशभर सराफ बाजारांत. मी घरातला पहिला जो परदेशात, बँकॉकला सिलोमच्या एका दागिन्यांच्या कंपनीत चाललोय. काका म्हणतात, दुकानाच्या वरच राहायचं. मित्र म्हणतात सुखुमवित. – विटा

काकांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस. विटा-आटपाडीकडची माणसं अनोळखी शहरात सराफ कट्ट्याच्या अंगाला खोली घेऊनच उभी राहिली. कामाजवळ राहिलं की वेळ वाचतो, रात्रीचा उशीर निभतो आणि बाजारातली माणसं ओळखीची होतात.

सिलोम, माहेसाक, चारोन क्रुंग हा बँकॉकचा रत्नांचा जुना बाजार. भारतीय व्यापारी तिथं पूर्वीपासून आहेत, सिलोम रस्त्यावर मारीअम्मनचं देऊळ आहे. तू सुरासाक किंवा सफान ताकसिन या बीटीएसच्या (उंचावरून धावणाऱ्या शहरी रेल्वेच्या) स्टेशनांच्या आसपास बघ. मसाले-कापडाला पाहुरातचा बाजार आहे, नदीतून बोटीनं जाता येतं. सुखुमवितला भारतीय पुष्कळ, हॉटेलं पुष्कळ, पण स्टेशनाजवळचं भाडं चढं. तिकडंच जायचं असेल तर लाइनवर पुढं फ्रा खानोंग, ओन नुतकडं उतर.

बँकॉकमध्ये भागाइतकीच महत्त्वाची असते ‘सोय’, म्हणजे मुख्य रस्त्याला फुटणारी गल्ली. काही गल्ल्या किलोमीटरभर आत जातात. नारिंगी जाकिटातले मोटारसायकलवाले आत सोडतात, पण भर पावसात तेही मिळेनासे होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तासाभराच्या पावसात काही गल्ल्यांत गुडघाभर पाणी साचतं. गल्लीच्या तोंडाशी जेवणाची गाडी लावणाऱ्या बाईला विचार, पाणी कुठवर येतं. एजंट हे सांगणार नाही, ती सांगेल.

साधारण दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ धर. विजेचं बिल थेट वीज कंपनीचं येणार की मालक स्वतःच्या दरानं युनिट लावणार, हे लिहून घे. मालकाचा दर जास्त असतो आणि एसी तर दिवसरात्र चालतो. आणखी एक : परदेशी माणूस राहायला आल्याची खबर, टीएम-३० नावाचा फॉर्म, मालकानं २४ तासांत द्यायची असते. त्यानं ती दिली नाही तर पुढं व्हिसाच्या कामात खोळंबा तुझा होतो. किल्ली हातात घेतानाच त्या फॉर्मची पावती माग, आणि तिचा एक फोटो काकांनाही पाठवून ठेव.