कादंबरीतली ती सावरली, मग मी का कोलमडले?

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका बाईंनी कादंबरी टेबलावर पालथी ठेवली, मुखपृष्ठ दिसू नये अशी, आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. वाचनखूण पहिल्या शंभर पानांच्या आतच अडकलेली दिसत होती. मग म्हणाल्या, "मॅडम, सगळ्यांना या पुस्तकानं बळ दिलं म्हणे. मला मात्र चार रात्री झोप लागलेली नाही." (हा अनुभव मी त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.)

कादंबरीचे कथानक असे: नवऱ्याची मारहाण आणि अपमान वर्षानुवर्षे सोसणारी एक स्त्री एके दिवशी घर सोडते, नोकरी धरते आणि हळूहळू माणसांवर पुन्हा विश्वास ठेवायला शिकते. वाचकगटात तिच्यावर चर्चा झाली, तेव्हा कुणी ती एका बैठकीत वाचून संपवल्याचे सांगितले, कुणाला शेवट फार भावला, आणि एकीने सहज विचारले, "पण इतकी वर्षं ती थांबलीच कशाला?" त्यावर चार-पाच जणींनी माना डोलावल्या. आपल्या शेजारी बसलेली स्त्री अकरा वर्षांपूर्वी अशाच संसारातून बाहेर पडली आहे, हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हते.

"माझं सगळं नीट चाललंय. मग एका पुस्तकानं माझी अशी अवस्था का व्हावी? मी मुळात सावरलेच नव्हते का?"

हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. कधी त्याचे निमित्त चित्रपट असतो, कधी बातमी, कधी मैत्रिणीने सांगितलेली हकिकत. त्यावर लगेच 'नाही हो, तुम्ही खंबीर आहात' असा दिलासा देणे मी कटाक्षाने टाळते, कारण आपण खंबीर आहोत की नाही याचीच ती व्यक्ती धास्ती घेऊन आलेली असते. मी त्यांना फक्त विचारले, नेमके कोणत्या ओळीपाशी थांबलात?

नवऱ्याची किल्ली कुलुपात फिरल्याचा आवाज येतो आणि नायिका झटकन उठून खोली आवरू लागते, असा तो प्रसंग होता. "ते वाचता वाचता मी उठले आणि कोचावरच्या उशा सारख्या करायला लागले. रात्रीचे अकरा वाजले होते. माझ्या घराची किल्ली माझ्याशिवाय कुणाकडेही नाही." हे सांगतानाही त्यांची बोटे ओढणीचे टोक सरळ करत होती.

त्या उशांबद्दल आम्ही पुढचा बहुतेक वेळ बोललो. दीर्घकाळ भीतीत राहिलेल्या माणसाचा मेंदू धोक्याच्या खुणा शब्दांआधी ओळखायला शिकलेला असतो: पावलांचा वेग, दार लावण्याची पद्धत, किल्लीचा आवाज. त्या घरात हे शिकणे जगण्यासाठी आवश्यकच होते. आघातानंतरच्या ताणाचा विकार अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत स्वतंत्रपणे नोंदवला. अशा खुणांमुळे भूतकाळ आत्ताच घडत असल्यासारखा जाणवणे हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे. मात्र असा एखादा अनुभव आला म्हणजे विकार जडलाच असे होत नाही. झोप उडणे, दचकणे, टाळाटाळ हे सारे महिनाभराहून अधिक टिकले आणि रोजच्या कामात अडथळा आणू लागले, तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. या बाईंच्या बाबतीत मूळ धरून राहिलेली जुनी सवय एका चांगल्या लिहिलेल्या ओळीने जागी केली होती, आणि ती सवय जागी होणे म्हणजे अकरा वर्षांची मेहनत पुसली जाणे नव्हे.

'थांबलीच कशाला' हा प्रश्न मात्र त्यांना किल्लीपेक्षाही जास्त लागला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 मधील अंदाजानुसार जगात सुमारे तीनपैकी एका स्त्रीने आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. तेव्हा अशा चर्चेत बोलताना शेजारी कोण बसले आहे याचा विचार व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. शिवाय घर सोडण्याचा आणि त्यानंतरचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो, कारण ताबा सुटतोय हे दिसताच हिंसा वाढते. थांबण्यामागे पुष्कळदा हाच हिशेब असतो. "मी वाट बघत होते, थांबले नव्हते," असे त्या स्वतःच म्हणाल्या. ज्या वाचक आजही अशा घरात आहेत, त्यांनी पुस्तकाचा विचार नंतर करावा. आधी विश्वासाचे माणूस आणि सुरक्षित जागा शोधावी.

मग मी त्यांना कादंबरीचे दोन भाग जिथे जुळतात ते पान उघडायला सांगितले. पहिला भाग नायिका घराबाहेर पडते तिथे संपतो, मध्ये एक पान कोरे आहे, आणि दुसरा भाग 'सहा वर्षांनंतर' या शब्दांनी सुरू होतो. त्या पानाकडे बघत त्या बराच वेळ बसून राहिल्या. ज्या सहा वर्षांची तुलना त्या स्वतःशी करत होत्या, ती लेखकाने लिहिलीच नव्हती. मनोविकारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, आठवणे आणि शोक करणे, माणसांशी पुन्हा जोडले जाणे. हे टप्पे सरळ रेषेत येत नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट केले. कथेला पुढे सरकावे लागते. माणूस मात्र तिसऱ्या टप्प्यावरून पहिल्यावर येतो, तिथे थोडा थांबतो आणि पुन्हा निघतो.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी मी अशीच एक कादंबरी दुसऱ्या एका स्त्रीला, ती नुकतीच घराबाहेर पडलेली असताना, उभारी मिळावी म्हणून वाचायला दिली होती. तिला धीर येण्याऐवजी आपण मागे पडलो आहोत असे वाटले आणि ती दोन महिने आलीच नाही. तेव्हापासून मी पुस्तक सुचवण्याआधी विचारते: आत्ता रात्री झोप लागते का, आणि वाचताना जीव घाबरला तर फोन करायला कुणी आहे का?

या बाईंनी पुस्तक अर्धवट सोडायचे नाही असे ठरवले. आम्ही इतकेच पक्के केले की दिवसा वाचायचे, शेवट आधी वाचून घ्यायचा, एका मैत्रिणीला सांगून ठेवायचे आणि छाती धडधडू लागली की पुस्तक मिटून पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या वस्तूंची नावे मोठ्याने घ्यायची. प्रसंग गाळायला पूर्ण मुभा होती. किल्लीचे पान त्यांनी गाळले.

पाच आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा पुस्तक सुलटे ठेवलेले होते. मधल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहायला सुरुवात केली होती, पहिलीच ओळ होती: 'पहिले तीन महिने मी दिवा लावून झोपत होते.' पुढचे मी वाचले नाही. वाचकगटात त्या अजून काही बोललेल्या नाहीत, आणि बोलावे असा माझा आग्रहही नाही.