‘कुंपिकामायोक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: इंका साम्राज्यावरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘कुंपिकामायोक’ला, म्हणजे राज्यासाठी तलम कापड विणणाऱ्याला, ‘विणकर’ म्हटलं तर चालेल का, आणि त्यातल्या ‘काम’चा आपल्या ‘काम’शी काही संबंध आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. संबंध नाही. आपलं काम ‘कर्म’वरून, प्राकृतातल्या ‘कम्म’मधून आलं. क्वेचुआतल्या, म्हणजे इंकांच्या भाषेतल्या, ‘कामाय’चा अर्थ घडवणं, जीव ओतणं. पेरूतल्या वारोचिरीच्या सतराव्या शतकातल्या क्वेचुआ हस्तलिखितात ‘कामाक’ म्हणजे एखाद्याला त्याचं बळ देणारी शक्ती. ‘योक’ हा आपल्या ‘-दार’, ‘-वान’सारखा प्रत्यय. म्हणजे कामायोक हा नुसता कामकरी नव्हे, ती विद्या अंगी असलेला आणि तिची जबाबदारी वाहणारा माणूस. गाठींच्या दोऱ्यांत हिशेब ठेवणारा खिपुकामायोक, पुलाची राखण करणारा चाकाकामायोक.

आता ‘विणकर’. इंकांकडे कापड दोन प्रकारचं. घरोघरी विणलं जाणारं साधं ते आवास्का, आणि दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं तलम, रंगीत ते कुंपी. प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपापल्या जागेतच फिरवून नक्षी काढायची. पैठणीच्या काठपदराची रीत याच कुळातली, म्हणून येवल्याच्या वाचकाला हे चटकन कळेल. इंका राजा हे कापड सरदारांना भेट देई, देवापुढे जाळीही. ‘विणकर’ म्हटलं की आवास्का विणणारी घरची बाईही त्यात आली, आणि भेद बुडाला.

‘बलुतेदार’ तर नकोच. बलुतेदार गावाचा, त्याला गावाकडून धान्याचा वाटा. कुंपिकामायोक राज्याचा. वायना कापाक राजाने टिटिकाका सरोवराच्या काठी मिल्लिराया इथे १,००० कुंपी विणणारे आणि १०० कुंभार वसवले. ‘राजाश्रित कलावंत’ही मला खटकतं. त्यात दरबारी कवीचा डौल येतो. इथे माणसं मुळासकट उचलून नेलेली.

मी ‘कुंपीकरी’ सुचवेन, शेतकरी-वारकरीच्या चालीवर. ‘कुंपीकर’ नको, वाचक कुंपी नावाचं गाव शोधत बसेल! पहिल्या वेळी मूळ शब्द देऊन ‘राज्यासाठी तलम कापड विणणारा निष्णात’ एवढं सांगा, पुढे कुंपीकरी. फक्त ‘आक्यावासी’ नावाच्या वाड्यातल्या बायकांना, म्हणजे आक्यांना, हा शब्द लावू नका. कुंपी त्याही विणत, पण लहानपणीच निवडून वेगळ्या वाड्यात ठेवलेल्या त्या मुली. त्यांचं नाव तसंच राहू द्या.