डिकॉक्शन उतरतच नाही, काय करू?

प्रश्न : काकू, हौसेने माटुंग्याहून स्टीलचा कॉफी फिल्टर आणला, पावडरही तिथलीच. पहिल्या दिवशी पाणी ओतून पाऊण तास वाट पाहिली, तर खाली डिकॉक्शनचे, म्हणजे कॉफीच्या दाट अर्काचे, चार थेंब. दुसऱ्या दिवशी तोच फिल्टर, तीच पावडर, आणि पाच मिनिटांत सगळं पाणी खाली. रंग कोऱ्या चहासारखा! दुकानदार फिल्टर परत घेईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : त्यासाठी माटुंग्याची खेप घालू नका. फिल्टर तोच, पावडर तीच, मग बदललं काय? तुमचा हात. पहिल्या दिवशी पावडर चमच्याने ठोकून बसवली असणार आणि दुसऱ्या दिवशी त्याचा धसका घेऊन अगदी सैल सोडली असणार. खरं की नाही?

माझं माहेर तंजावरचं. एकोजीराजांच्या वेळेपासून जी मराठी घरं तिकडे गेली आणि तिकडचीच होऊन राहिली, त्यांतलंच आमचं एक. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, कॉफी मात्र आतबाहेर तमिळच. आमची आजी रात्री भांडी आवरली की फिल्टर लावून झोपायची आणि पहाटे चारला उठून दूध तापवायची. उतरतंय का, हे बघत कोणी बसतच नसे. तुम्हीही रात्रीच लावा, निम्मी चिंता जाईल.

आता हाताचं. दोन-तीन पेल्यांसाठी शीग लावून तीन मोठे चमचे पावडर घ्या, साधारण 20 ते 25 ग्रॅम. फिल्टरच्या वरच्या, बुडाला भोकं असलेल्या भांड्यात घालून भांडं हलवा, म्हणजे ती सपाट होते. त्यावर दांड्याची जाळी ठेवा (आम्ही तिला छत्री म्हणतो) आणि एका बोटाने दाबा. किती? वळलेला लाडू बसलाय का बघायला बोट लावतो ना, तेवढंच. छत्री आतच राहू द्या. ती काढून धार थेट पावडरीवर धरली की खड्डा पडतो आणि पाणी त्याच वाटेने पळ काढतं. तुमचं पाणी बहुधा असंच पळालं.

पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी दोन चमचेच पाणी घालून पावडर भिजू द्या, ती जरा फुगते. मग दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाणी, गोल फिरवत, सावकाश. झाकण लावा आणि दुसऱ्या कामाला लागा. अर्धा तास सहज जातो, जास्तही जाईल.

तरीही अडलंच, तर फिल्टर ठोकू नका. दोन्ही भांडी एकमेकांत घट्ट बसली की खालच्या भांड्यातली हवा कोंडते आणि थेंबाला खाली जागाच उरत नाही. वरचं भांडं फडक्याने धरून केसभर उचला आणि परत ठेवा, लगेच टपटप सुरू होते. एवढ्यानेही भागलं नाही, तर रिकामं भांडं उजेडाकडे धरून बघा. भोकं बुजलेली दिसली तर स्टीलचं आहे म्हणून सांगते, चिमट्यात धरून बूड गॅसच्या ज्योतीवर क्षणभर धरा, अडकलेली पावडर जळून जाते. निवल्यावर ब्रशने घासा. आणि दुकानातून दळून आणलेली पावडर घरी पुन्हा मिक्सरमधून काढायचा मोह टाळा. मैदा झाला की तो भोकं लिंपून टाकतो.

छत्रीला मात्र जपा. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा फिल्टर आला, छत्री माहेरीच राहिली. एका पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडून मी तीन महिने काढले. डिकॉक्शन बरं व्हायचं, पण झाकण बाहेर काढताना दर वेळी बोट भाजायचं.

प्रश्न : चिकोरी म्हणजे भेसळच ना? शुद्ध पावडर घेतली तर कॉफी पातळ लागते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : न सांगता घातली तर भेसळ, पाकिटावर लिहिली तर मिश्रण. चिकोरी हे एक मूळ आहे, भाजून दळलेलं. आपल्याकडे ती गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिच्यात कॅफीन नसतं. ती रंग देते, किंचित कडूगोड चव देते आणि डिकॉक्शनला दाटपणा आणते, म्हणून ती नसली की तुम्हाला पातळ लागतं. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते, म्हणजे 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी घालून तुम्हाला ‘कॉफी’ विकता येते. तेव्हा आकडा वाचूनच पैसे द्या. माझं प्रमाण 80-20. दाट हवी असेल तर कॉफीतच थोडी रोबस्टा (कॉफीची कडक जात) मिसळून घ्या, बाकी पीबेरी किंवा प्लांटेशन ए (अरेबिका जातीच्या बियांची एक प्रत). पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी. एका वेळी 200 ग्रॅमच आणा आणि पंधरा दिवसांत संपवा. किलोभर आणून डब्यात मुरवायला ते लोणचं नाही.

प्रश्न : डिकॉक्शन घातलं की कधीकधी दूध फाटतं. असं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डिकॉक्शन शिळं, नाहीतर दूध उतरणीला लागलेलं; बहुतेकदा दोन्ही. कॉफी मुळात किंचित आंबट असते आणि ठेवून आणखी आंबटते. फ्रिजमध्ये एक दिवस ठेवा, त्याहून जास्त नको. गरम करायचं तर वाटी गरम पाण्यात ठेवा, डिकॉक्शन गॅसवर उकळलं की कडवट झालंच. दूध ताजं, एकदाच तापवलेलं, पाणी न घातलेलं. पेल्यात एक भाग डिकॉक्शन, तीन भाग दूध. मग पेल्यातून डबऱ्यात (पेल्याखालची पसरट वाटी), डबऱ्यातून पेल्यात, फेस येईपर्यंत. कुंभकोणमच्या ‘डिग्री कॉफी’च्या पाट्या हमरस्त्यावर पाहिल्या असतील. दूध लॅक्टोमीटरवर (दुधात पाणी आहे का ते बघायचं यंत्र) ‘डिग्री’ला उतरलं की तीच डिग्री, असं काही सांगतात, काही म्हणतात, चिकोरीचंच ते बिघडलेलं नाव. आमच्या घरात पहिल्या धारेच्या डिकॉक्शनच्या कॉफीलाच डिग्री म्हणत. त्याच पावडरीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून निघे ते आम्हा मुलांना.

प्रश्न : यात जायफळ घालावं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नको. जायफळ-वेलचीची दुधात उकळलेली कॉफी हा वेगळा पदार्थ आहे, आणि चांगला आहे. माझ्या सासूबाई तीच करायच्या. दुपारी चारला आमच्या गॅसवर दोन पातेली असत. त्या माझ्या डिकॉक्शनला शेवटपर्यंत काढा म्हणाल्या आणि मी त्यांच्या कॉफीला, मनातल्या मनात, खीर.