हिरोशिगेंच्या पुलावरच्या पावसात एवढे विशेष काय आहे?

पुलावरच्या पावसाच्या ज्या चित्राची डच चित्रकार व्हॅन गॉगने नक्कल केली, त्या मूळ चित्रात एवढे काय आहे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याचे मोठेपण पाऊस कागदावर ज्या रीतीने उतरला आहे, त्या रीतीत आहे.

जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगे यांचे हे चित्र १८५७ सालचे असून त्यात एदो शहरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, सुमिदा नदीवरचा शिन-ओहाशी हा लाकडी पूल दिसतो. अचानक आलेल्या सरीने गाठलेली माणसे, कोणी छत्रीखाली तर कोणी अंगावर चटई ओढून, वाकून लगबगीने पूल ओलांडत आहेत. खाली नदीत एकटा नावाडी तराफा रेटतो आहे. पूल एकीकडे कललेला आणि धूसर झालेला पैलतीर उलट दिशेला तिरका, त्यामुळे सगळे दृश्यच वाऱ्याने हलल्यासारखे वाटते.

मात्र हे कुंचल्याने रंगवलेले चित्र नव्हे, लाकडी ठशांवरून छापलेले आहे. हिरोशिगे आराखडा काढून देत, कोरणारा वेगळा आणि छापणारा वेगळा. ठशावर रेघ उमटायची तर तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून ती तेवढी उंच ठेवावी लागते. पावसाच्या केसासारख्या बारीक अशा असंख्य लांब रेघा कुठेही तुटू न देता कोरणे किती अवघड असेल, याची कल्पना करून पाहावी. त्यातही या रेघांचे दोन ठसे आहेत, एक फिका व एक गडद, आणि दोन्हींचा कल किंचित वेगळा आहे. म्हणूनच पाऊस सपाट जाळीसारखा न दिसता त्याला खोली येते.

व्हॅन गॉगने १८८७ साली पॅरिसमध्ये हे चित्र तैलरंगात केले, रंग अधिक भडक केले आणि भोवती इतर जपानी चित्रांतून घेतलेल्या अक्षरांची चौकट काढली. मला ते मनापासून आवडते, परंतु त्यातला पाऊस जाड फटकाऱ्यांचा आहे, कोरीव रेघेची धार त्याला नाही.

शक्य झाल्यास मूळ चित्राच्या दोन वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवून वरच्या काळ्या ढगाकडे पाहावे. तो प्रत्येक वेळी ठशावरची शाई हाताने पुसून, विरळ करून छापला जात असे, त्यामुळे त्याची खालची कडा प्रत्येक प्रतीत थोडी निराळी उतरली आहे.