दोनदा उडालेले मॉस्फेट आणि पुढचा रिसर्च

तुझं पत्र मिळालं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते: इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस, प्रोजेक्टला थ्री फेज इन्व्हर्टर (डीसीची थ्री फेज एसी करणारं सर्किट) घेतलास, सिम्युलेशनमध्ये सगळं मस्त चाललं आणि बोर्डला पॉवर दिल्यावर मॉस्फेट, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच, दोनदा उडाले, म्हणजे जळाले. पुढे रिसर्च करायचाय, दोन गाईड तयार आहेत, सरांकडे कन्व्हर्टर कंट्रोल आणि मॅडमकडे मशीन डिझाइन. बाबांना दोन्ही पटत नाहीये, ते म्हणतात सॉफ्टवेअरला जा. आणि पत्राच्या शेवटी हळूच विचारलंयस की मॉस्फेट उडाले म्हणजे मला हे जमणारच नाही असं तर नाही ना?

शेवटापासूनच सुरू करते, कारण मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे. अगं ज्याच्या हातून एकही डिव्हाइस उडालं नाही असा पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाला मी तरी अजून बघितलेला नाही, पत्रांना उत्तरं द्यायच्या या कामात यायच्या आधी मी स्वतः आठ वर्षं ड्राइव्हजमध्ये (मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये) होते आणि माझ्या ड्रॉवरमध्ये फुटलेल्या आयजीबीटींचा (हेही तसलेच स्विच) एक डबाच होता. सिम्युलेशनमधला स्विच आयडियल असतो, बंद हो म्हटलं की बंद. खरा मॉस्फेट बंद व्हायला वेळ घेतो आणि तेवढ्यात त्याच लेगमधला, म्हणजे वर-खाली जोडलेल्या जोडीतला, दुसरा ऑन झाला की डीसी बस (इन्व्हर्टरला डीसी पुरवणारी लाइन) सरळ शॉर्ट, कपॅसिटरमधली सगळी एनर्जी त्या दोघांत रिकामी. म्हणून मध्ये डेड टाइम, म्हणजे दोघंही बंद असतील असा वेळ, ठेवतात, डिव्हाइसप्रमाणे काही शे नॅनोसेकंदांपासून दोनेक मायक्रोसेकंदांपर्यंत. तोही ठेवला असशील तर बोर्डचा लेआउट बघ, कारण एक स्विच झटकन ऑन झाला की दुसऱ्याच्या गेटवर (चालू-बंदचा सिग्नल देतात त्या पिनवर) व्होल्टेजची उसळी येते आणि बंद असायला हवा तो क्षणभर चालू होतो.

पण तू एक गोष्ट लिहिलीच नाहीस. दुसऱ्यांदा उडाल्यावर काय केलंस? नवीन मॉस्फेट लावून देवाचं नाव घेऊन परत स्विच टाकलास, की बसला पॉवर न देता आधी स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावून वरचा आणि खालचा गेट सिग्नल एकाखाली एक ठेवून बघितलेस, आणि मग कमी व्होल्टेजवर, सिरीजमध्ये बल्ब टाकून, हळूहळू वर गेलीस? मला तुझ्या मार्कांपेक्षा याचं उत्तर जास्त हवंय.

आता कंट्रोल की डिझाइन. कंट्रोलमध्ये तुझा दिवस कसा जातो ते सांगते. समज स्विचिंग १० किलोहर्ट्झला चाललंय. म्हणजे दर १०० मायक्रोसेकंदाला करंट मोज, रोटरचा (मोटरच्या फिरणाऱ्या भागाचा) अँगल वाच, थ्री फेजचं डीक्यूत, म्हणजे रोटरसोबत फिरणाऱ्या दोन अक्षांत, आण, पीआय (चूक बघून दुरुस्ती करणारा कंट्रोलर) चालव, परत उलटं जाऊन ड्यूटी सायकल (स्विच किती वेळ चालू ठेवायचा ते) टाक, आणि परत तेच. हे डीक्यूचं रूपांतर पार्कने १९२९ ला मांडलं, ही फील्ड ओरिएंटेड कंट्रोल नावाची सगळी पद्धत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची, म्हणजे गणित जुनंच आहे, सगळी मजा ते प्रत्यक्ष बसवण्यात आहे. ४ पोल पेअरची (उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या ४ जोड्यांची) मोटर ६००० आरपीएमला घे, इलेक्ट्रिकल फ्रिक्वेन्सी आली ४०० हर्ट्झ. त्या एका १०० मायक्रोसेकंदात रोटर १४.४ इलेक्ट्रिकल डिग्री पुढे गेलेला असतो, आणि करंट मोजल्यापासून व्होल्टेज प्रत्यक्ष लागेपर्यंत साधारण दीड सॅम्पल जातं, म्हणजे २१-२२ डिग्री. ही भरपाई केली नाही तर कमी स्पीडला गुमान चालणारी मोटर वर गेली की गुरगुरते, करंट चढतो, ट्रिप होते, आणि आपण बसतो पीआयचे गेन (त्याचे आकडे) बदलत. बिचाऱ्या गेनचा काहीच दोष नसतो. माझे असे चार दिवस गेलेत.

मशीन डिझाइनचा स्वभाव वेगळा. रोटरच्या आत मॅग्नेट पुरलेली मोटर घे. मॅग्नेटची खाच आणि एअर गॅप (रोटर आणि मोटरचा स्थिर भाग, म्हणजे स्टेटर, यांच्यातली फट) यांच्यामध्ये स्टीलची एक पातळ पट्टी राहते, तिला ब्रिज म्हणतात, बऱ्याचदा मिलिमीटरच्या आसपास. ती जाड ठेवली तर जास्त स्पीडला रोटर टिकतो, पण मॅग्नेटचा फ्लक्स एअर गॅपमध्ये जायच्या ऐवजी त्या पट्टीतूनच परत फिरतो आणि टॉर्क घटतो. पातळ केली की टॉर्क मिळतो पण सेंट्रिफ्यूगल फोर्सने स्टील ताणलं जातं. बरं तेवढ्यावर भागत नाही, लॅमिनेशन (रोटरचे स्टीलचे पातळ पत्रे) कापणारा म्हणतो एवढी बारीक पट्टी मला जमणार नाही. त्यात निओडिमियम मॅग्नेट तापला की दुबळा होतो, गरम असताना स्टेटरचं उलटं फील्ड जोरात बसलं तर कायमचा जातो, ते टाळायला डिस्प्रोशियम घालायचं तर ते महाग आणि मोजक्या ठिकाणाहून येणारं, म्हणूनच फेराइटवाल्या, रिलक्टन्सवाल्या, मॅग्नेटच नसलेल्या मोटरींवर एवढा रिसर्च चाललाय. एका दशांश मिलिमीटरवर आठवडाभर विचार करायची तयारी हवी. कोड चुकला तर दहा मिनिटांत परत फ्लॅश करतेस, रोटर चुकलाय हे कापून आल्यावर कळलं की पुढचे दोन-तीन महिने गेले.

आणि ही दोन खाती वाटतात तेवढी वेगळी नाहीत. सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचमुळे इन्व्हर्टर खूप फास्ट स्विच करतो, इन्व्हर्टरवाला खूश, पण व्होल्टेजच्या त्या तीव्र उड्या वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांच्या इन्सुलेशनवर आदळतात, शाफ्टमधून करंट जाऊन बेअरिंगवर पट्टे उमटतात, आणि मग मोटरवाला डोक्याला हात लावून बसतो. उलट मोटर सॅच्युरेट झाली (स्टीलमध्ये आणखी फ्लक्स मावेनासा झाला) की इंडक्टन्स बदलतं, कंट्रोलवाल्याने ते एकच आकडा धरून ठेवलं की टॉर्कचं गणित चुकलंच. एकात नीट खोल जा पण दुसऱ्याची भाषा यायलाच हवी.

ठरत नसेल तर एक काम कर. बंद पडलेली एखादी छोटी ब्रशलेस मोटर उघड, स्लॉट मोज, पोल मोज, व्हर्नियरने मापं घे, फेम (FEMM) नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात मॉडेल काढ आणि बॅक ईएमएफ (मोटर फिरली की तिच्यातच तयार होणारं व्होल्टेज) किती यायला हवा ते काढ. मग मोटर जोडून तिचा शाफ्ट ड्रिल मशीनने फिरव आणि स्कोपवर खरा बॅक ईएमएफ बघ. जुळणार नाही, हे आत्ताच सांगते. का जुळलं नाही हे शोधताना मॅग्नेटचा ग्रेड आणि गॅप यातच रमलीस तर मॅडमकडे जा, आणि ते सोडून कधी एकदा ही मोटर स्वतःच्या कोडवर फिरवते असं झालं तर सरांकडे.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. सॉफ्टवेअरमध्ये जागा जास्त आहेत, सुरुवात लवकर होते, आणि पीएचडीत तीन ते पाच वर्षं जातात, हे खरंच आहे. पण त्यांना हेही सांग की जगातल्या विजेपैकी ४० टक्क्यांहून जास्त वीज मोटरवर चालणाऱ्या यंत्रणा खातात, गाड्या, ट्रेन, पवनचक्क्या, कॉम्प्रेसर सगळीकडे हीच माणसं लागतात, आणि कंट्रोलचं निम्मं काम म्हणजे रिअल टाइम सी कोडच असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरचं दार काही बंद होत नाही. एआय मोटर डिझाइन करेल का असंही त्यांनी विचारलंय, तर हजारो डिझाइन झटपट चाळायला त्याची मदत आत्ताही होते, पण आलेली मोटर बेंचवर का तापतेय हे कुणीतरी हात लावून शोधावं लागतंच.

राहिले गाईड. इथे मी स्वतः चुकलेय. मास्टर्सला मी विषयाचं नाव बघून गाईड निवडले, विषय झकास होता, पण लॅबमधला डायनो (मोटरवर लोड टाकून ती तपासायचं यंत्र) दुरुस्तीला गेलेला तो दीड वर्ष आलाच नाही. थिसिस पूर्ण सिम्युलेशनवर झाला, पेपर पाठवला तर रिव्ह्यूअरने एकच ओळ लिहिली, प्रयोगाचे रिझल्ट कुठायत. म्हणून तू दोन्ही लॅब प्रत्यक्ष बघून ये. गाईडना भेटशीलच, पण त्यांच्या विद्यार्थ्यांना बाहेर गाठ आणि विचार की डायनो शेवटचा कधी चालला, काही उडालं तर नवीन डिव्हाइस किती दिवसांत हातात येतं, आणि उडाल्यावर सर किंवा मॅडम काय म्हणतात. जाऊन आलीस की मला लिही, आणि सोबत त्या दोन गेट सिग्नलचा फोटो पाठव.